शेवटच्या माणसाचा चहा

सायकलच्या दुकानात जुन्या ट्यूब साठतात, तसे किस्सेही साठतात. फेकवत कुठलेच नाहीत.

आमचं दुकान उचगावात आहे. दर रविवारी पहाटे एका जुन्या सायकल क्लबची माणसं तिथं जमतात आणि पन्हाळ्याच्या रस्त्यानं वाघबीळच्या चढाच्या माथ्यापर्यंत जातात. बाबा हवा भरतात. मी व्हॉल्व्हची टोपणं मुठीत धरून उभी राहते. मी फारसं बोलत नाही, त्यामुळे मला सगळं ऐकू येतं.

*

क्लब आप्पांनी काढला. ते एसटीत कंडक्टर होते. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, तरी निघताना घंटी दोनदा वाजवतात आणि बोट दाखवून माणसं मोजतात. वर चहाच्या टपरीपाशी पोचल्यावर पुन्हा मोजतात. आकडा जुळल्याशिवाय चहा ओतायचा नाही, हा क्लबचा एकमेव नियम.

एका नवख्यानं विचारलं, "मेंबरशिपचा फॉर्म कुठं मिळेल?"

"फॉर्म न्हाय, फी न्हाय," आप्पा म्हणाले. "ज्याच्यासाठी चहा थांबतोय, त्यो मेंबर."

*

एकदा पुण्याहून एक गृहस्थ आले. सायकल इतकी भारी की बाबांनी आधी हात धुतले आणि मगच तिला हात लावला. चढावर मात्र ते फार मागे पडले. वर पोचले तेव्हा सगळ्यांचे कप रिकामे.

"तुम्ही शेवटच्या माणसासाठी थांबता म्हणे?" ते चिडून म्हणाले.

"थांबतोय की," आप्पा म्हणाले. "पण पावणं, तुमी अजून मोजणीत न्हाय." मग त्यांच्यासाठी वेगळा चहा टाकायला सांगितला.

*

बंडूकाका इचलकरंजीला यंत्रमागावर आहेत. रात्रपाळी संपवून ते तसेच रविवारी येतात. एकदा अर्ध्या वाटेत डोळे मिटायला लागले, म्हणून कुणाला न सांगता ते उचगावला घरी परतले आणि झोपले.

वर अकरा वाजले. शेवटी आप्पांनी काकूंच्या फोनवर फोन लावला. काकूंनी त्यांना उठवलं.

"बंडू, कुठं हायस?"

"घरात. झोपलोतो."

"बरं. आमी हितं बिनचहाचं बसलोय."

बंडूकाका उठले, तोंडावर पाणी मारलं आणि भर उन्हात सायकल हाणत वाघबीळला गेले. चहा दीड वाजता झाला.

मी बाबांना म्हटलं, "फोनवर कळलं होतं ना? मग पिऊन टाकायचा की."

बाबा म्हणाले, "मग बंडू कशाला गेला असता?"

*

दुकानात क्लबचा एक जुना फोटो आहे. त्यातल्या सायकली मी मोजल्यात, एकेचाळीस आहेत. आता सहाजण येतात. कुणाचे गुडघे गेले, कुणी मुलांकडे राहायला गेलं, काहीजण देवाघरी.

सहा मोजून झाले तरी आप्पा खालच्या वळणाकडे बघत राहतात म्हणे. चहावाला विचारतो, "आप्पा, सहा झाली की. कोण ऱ्हायलंय?"

"बघू की," आप्पा म्हणतात.

हा किस्सा बंडूकाकांनी हसत सांगायला घेतला होता. सांगून झाल्यावर मात्र ते उगाचच ब्रेक दाबून बघत बसले.

त्या फोटोत एकही मुलगी नाही. दर रविवारी दोनदा घंटी वाजते, सहा सायकली कोपऱ्यावरून वळतात आणि माझ्या तळहाताला रबराचा वास राहतो. मीपण येऊ का, एवढंच विचारायचं होतं. दोन वर्षं ते तोंडातून निघालं नाही.

*

गेल्या रविवारी सहाजण निघून गेल्यावर बाबांनी माझ्या शाळेच्या सायकलीत हवा भरली. मी काही म्हटलं नव्हतं. "पाण्याची बाटली घे," एवढंच ते बोलले.

मी बरंच अंतर ठेवून निघाले. चढ लागला आणि सहाही जण दिसेनासे झाले. दोनदा उतरून चालले. ऊन वर आलं. आता चहा पिऊन झाला असणार, शेवटच्या वळणावरूनच परत फिरू, कुणाला कळणारही नाही, असं ठरवलं.

वळणावर आले आणि वर बघितलं. कठड्यावर सहाजण बसले होते. टेबलावर कप पालथे होते.

आप्पा उठले. बोट पुढं करून त्यांनी पहिल्यापासून सावकाश मोजायला सुरुवात केली. बोट माझ्यापाशी येऊन थांबलं.

"सात," ते चहावाल्याला म्हणाले. "वत आता."