आयुधपूजेतला ट्रक

अजूनही आठवलं की डोकं फिरतं. रिमोटवर पळणारा, खरं इंधन जाळणाऱ्या इंजिनाचा पहिला खेळण्यातला नायट्रो ट्रक घेतला, तेव्हा दुकानदाराने बजावलं होतं की इंजिन पेटवणारा जादा ग्लो प्लग, तो तापवायचा इग्नायटर आणि एअर फिल्टरचं तेल घरात असल्याशिवाय इंजिन चालू करायचं नाही. मी सगळं आणलं. काकांपासून ते लपवायला कुलपाचं कपाट तेवढं आणायला हवं होतं.

आमचं घराणं म्हैसूरच्या जुन्या फौजेतलं. आयुधपूजेला पणजोबांच्या तलवारीशेजारी घरातली सगळी हत्यारं, अवजारं मांडायची आणि त्याआधी ती लख्ख करायची, हा काकांचा मान. मी ऑफिसात असताना त्यांनी माझा ट्रक धुतला. त्यातला तेलकट स्पंज घाण दिसला म्हणून साबणाने धुऊन उन्हात घातला. तो फिल्टर होता, आणि धूळ त्या तेलामुळेच अडते. मग इंजिनात हवा ओढणाऱ्या उघड्या कार्बोरेटरला कुंकू वाहून त्यांनी कोरडा स्पंज वर बसवला. हे सगळं त्यांनीच मला सांगितलं, पण फार उशिरा, आणि तेही कौतुकाने.

दसऱ्यानंतर मैदानात ट्रक किंचाळत निघाला आणि थोड्याच वेळात जाम झाला. जादा प्लग लावूनही काही उपयोग झाला नाही. घरी येऊन मी संतापाने इंजिन उघडलं. आत तेलात कालवलेला लाल चिखल होता.

काकांनी वाकून पाहिलं आणि ते तृप्त होऊन म्हणाले, "नोडु, बघ, कुंकू पार आतपर्यंत पोचलंय."