ओल्या बॉनेटवरचं कुंकू

सेलूला आमच्या शेजारी जिनिंगमधले एक फिटर राहायचे. त्यांनी भंगारातून आणलेली फियाट अंगणातच पांढरी रंगवायला घेतली, तीही डास मारायच्या पंपानं. जिनिंगचा कापूस उडून ओल्या रंगावर बसायचा. ते एकेक तंतू सुईनं उचलायचे आणि स्वतःशीच म्हणायचे, "लय झाक व्हायलीय."

शेवटचा हात दिला त्या दिवशी माझ्या आईला वाटलं, गाडी नवीच आणली. ती ताट घेऊन गेली, ओवाळलं, आणि मी अडवायच्या आत तिनं ओल्या बॉनेटवर कुंकवाची पाच बोटं ओढली.

मी ओशाळलो. ते मात्र तिच्या पाया पडले आणि मला हळूच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या भाऊ. जुन्या गाडीला कोण ओवाळायलंय?"

हातातली सुई त्यांनी सदऱ्याला टोचून ठेवली.