विहीणबाईंच्या बुरशीची घराणी

नाशिक जिल्ह्यातल्या शाळकरी पोरांची डोकी सगळ्यात जास्त प्रेमाने खाजवणारी बाई पृथ्वीतलावर एकच आहे आणि ती माझी विहीण आहे. बाकीच्यांच्या विहिणी मानपानावरून रुसतात, आहेराच्या साडीचा काठ उलटून पाहतात. माझ्या लेकीच्या लग्नाच्या बैठकीत या बाईंनी साडीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सगळा वेळ त्या आमच्या ह्यांच्या पायाच्या अंगठ्याकडे टक लावून बसल्या होत्या. निघताना मला स्वयंपाकघराच्या दारात गाठून म्हणाल्या, "रागवणार नसाल तर एक मागू?" मी मनात म्हटलं, आलं हुंड्याचं! तर म्हणाल्या, "व्याह्यांच्या नखाचा एवढासा तुकडा मिळेल? पिवळं पडलंय. आत सुंदर बुरशी असणार." नख दिलं, सोयरीक जमली.

बुरशीचं संशोधन हा त्यांचा पेशा. त्यातही लहान मुलांच्या डोक्यात नायटा होतो, केसांत मधेच गोल टक्कल पडतं, त्या बुरशीवर त्यांचा विशेष जीव. तुम्हा-आम्हाला नायटा म्हणजे नायटा. पण तसं म्हटलेलं विहीणबाईंना खपत नाही. "अहो, दिसायला सारख्या असतात हो! डीएनए उलगडून पाहिला की एकेकीचं घराणं वेगळं निघतं. एकाच वर्गात चार-चार घराणी नांदतात!" हे त्या अशा अभिमानाने सांगतात, जणू चारही त्यांच्या माहेरची. त्यांच्या मोबाइलमध्ये नातीपेक्षा काचेच्या बश्यांत वाढणाऱ्या बुरशीचे फोटो जास्त. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना त्या ते एकेक करून दाखवतात. "ही वणीची, बघा कशी गुबगुबीत झालीय. येवल्याची मात्र अंगच धरत नाही." बायका हातातली तिळाची वडी हळूच रुमालात गुंडाळतात.

खांद्याच्या पिशवीत कायम कोरे टूथब्रश. शाळेच्या ओसरीवर बसकण मारायची, पोराच्या डोक्यावर ब्रश हलकेच घासायचा, बशीवर टेकवायचा आणि तीन आठवडे वाट पाहायची. जे उगवेल त्याचं कूळ शोधायला पुढे आणखी दोन. पोरं खिदळतात, "मावशी, लय गुदगुल्या होत्यात!" एकदा एसटीत पुढच्या सीटवरच्या पोराच्या डोक्यात तसला गोल दिसला. बाई सिन्नरला उतरणार होत्या, त्या पोरामागे थेट मनमाडपर्यंत गेल्या. संध्याकाळी परतल्या तेव्हा एका हातात ब्रश आणि दुसऱ्या हातात पोराच्या आईने दिलेली कांद्याची पिशवी. मधल्या वेळात त्या माउलीला डॉक्टरकडे नेऊन पोराला गोळ्याही सुरू करून दिल्या होत्या.

अशा बाईची गरज आपल्याच घरात पडेल असं मला वाटलं नव्हतं. मी तेव्हा तरुण होते, म्हणजे जेमतेम एकसष्ट. त्या वयात बाईला वाटतं, आपल्याला सगळं कळतं. मला तर अंमळ जास्तच वाटायचं. नळ वापरण्याआधी नळ धुणारी बाई मी. स्वच्छतेचं प्रमाणपत्र स्वतःच लिहून स्वतःच सही केलेली. आमची नात ओवी पहिलीत होती, शाळा सुटली की माझ्याकडे यायची. सोसायटीच्या वॉचमनची दीपाली तिच्याच वयाची. दोघी जिन्यात घर-घर खेळायच्या आणि एकीने हाक मारली की दुसरी जेवणावरून उठायची. एके दिवशी वेणी घालताना ओवीच्या डोक्यात मला तो गोल दिसला. मी तडक खाली गेले. दीपालीचं डोकं पाहिलं, तिथेही गोल! मला आणखी पुरावा कशाला हवा? तिच्या आईला म्हटलं, "हिला आता वर पाठवू नका. आमच्या मुलीला हिच्यामुळेच झालंय." ती बिचारी पदर सावरत "बरं आजी" एवढंच म्हणाली.

मी फोन केला तशी विहीणबाईंनी दोघींना एकाच दिवशी डॉक्टरकडे नेलं, गोळ्या सुरू केल्या. मग ब्रश काढले. दोघी मुलींचे नमुने घेतले आणि तिसरा ब्रश घेऊन माझ्याकडे वळल्या.

"माझं कशाला? मला कुठे काय झालंय?"

"काही न होता बुरशी डोक्यात वस्तीला असते कधीकधी. वाका जरा."

"विहीणबाई, मी आठवड्यातून तीनदा न्हाते!"

"तिला त्याचं काही वाटत नाही. वाका."

वाकले. पुढचे पाच आठवडे ओवी जिन्याच्या कठड्याला नाक लावून बसायची. खालून दीपाली वर बघायची. मी दार लावून घ्यायचे.

पाच आठवड्यांनी विहीणबाई आल्या, पण नेहमीसारखे फोटो दाखवत नव्हत्या. "दीपालीची बुरशी वेगळ्या घराण्यातली निघाली," त्या म्हणाल्या. "ओवीचं घराणं तिच्याशी जुळत नाही. तुमच्याशी जुळतं."

मी रोज दुपारी माझ्या शिसवी फणीने आधी माझे केस विंचरायचे, मग त्याच फणीने तिचे. मायेत फणी वेगळी कशाला, अशी माझी समजूत. डोक्याला कधी खाजसुद्धा आली नव्हती.

"आता हे कुणाकुणाला सांगणार?" मी विचारलं.

"मी कुणालाच नाही. तुम्हाला सांगायचं असेल त्याला तुम्ही सांगा." आणि माझ्यासाठी आणलेली औषधी शाम्पूची बाटली टेबलावर ठेवून चहा न घेता गेल्या. मला टोमणा मारायची इतक्या वर्षांत आलेली एवढी सोन्यासारखी संधी त्यांनी सोडली, म्हणून मला जास्तच लागलं.

खाली जायला चाळीस पायऱ्या. मी त्या उतरले. दीपालीची आई तांदूळ निवडत होती. म्हटलं, "दीपालीमुळे नाही झालं हो. माझ्या डोक्यातून गेलं ते ओवीला. मी चुकले."

तिने माझ्या चापूनचोपून घातलेल्या अंबाड्याकडे पाहिलं. "तुमच्या? तुमी तर लय स्वच्छ ऱ्हाता, आजी!"

"तेच तर."

ती हसली नाही. ताट बाजूला सारून हळूच म्हणाली, "मंग आमची आली तर चालंल ना वर?" त्या प्रश्नाने मला जेवढं लाजवलं तेवढं कुठल्याच शिवीने लाजवलं नसतं. मी "पाठवा" म्हणेपर्यंत दीपाली एका पायात चप्पल घालून पहिला मजला ओलांडून गेली होती.

पुढच्या उन्हाळ्यात तिच्या वडिलांना मनमाडला काम लागलं आणि ती मंडळी गेली. ओवी दोन दिवस जेवली नाही. विहीणबाई तिला घ्यायला आल्या तेव्हा मी म्हटलं, "मोजून दीड वर्ष मिळालं हो पोरींना. त्यातले पाच आठवडे मी खाल्ले."

त्यांनी ओवीच्या केसांवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "तुम्ही नाही. ही बुरशीच मेली मंद. दोन दिवसांत उगवली असती तर एवढं झालंच नसतं."

बुरशीला त्यांनी मेली म्हटलेलं मी तेवढं एकदाच ऐकलं.