वहिनी, हात लावा

माझ्या मशीनची पूजा माझ्या नवऱ्याने केली. ते मशीन त्याने त्याआधी कधी पाहिलंही नव्हतं.

वसईच्या सातिवलीतला गाळा. वर पत्रे, खाली मोल्डिंगची मशिनं. औषधाच्या बाटल्यांची प्लास्टिकची झाकणं निघायची तिथे. दसऱ्याचा दिवस होता. मशिनं पुसून त्यांना झेंडूच्या माळा घातल्या होत्या. माझ्या मशीनसमोर पाट मांडलेला. पाटावर नवरा, इस्त्रीचा सदरा, डोक्यावर रुमाल. त्याच्या शेजारच्या पाटावर मी.

गुरुजी म्हणाले, "वहिनी, यजमानांच्या हाताला हात लावा."

लावला. चार बोटं त्याच्या कोपराला. हळदकुंकू तो वाहणार, फूल तो वाहणार, पाणी तो सोडणार. मी नुसती बोटं टेकवून बसायचं. तेवढ्याने पुण्य मलाही पोचतं म्हणे.

गाळ्याची रीतच होती. जो मशीन चालवतो त्याने त्या मशीनची पूजा करायची, जोडीने. बाकी सगळे ऑपरेटर पुरुष. बहुतेकांच्या बायका गावाला. गुरुजी त्यांना कमरेला सुपारी खोचायला सांगायचे. बायकोच्या जागी सुपारी. झाली पूजा. पाटावर बसण्याआधी मी गुरुजींना विचारलं होतं, "हे आले नसते तर मी काय खोचलं असतं?" ते हसले. "बायकांचं तसं नसतं, वहिनी," म्हणाले.

शेठ बाजूला हात जोडून उभे होते. एरवी मला 'ए बाई' म्हणणारे शेठ त्या दिवशी वहिनी म्हणत होते. गुरुजी निरांजनाची वात सारखी करत होते, तेवढ्यात शेठ नवऱ्याशी बोलायला लागले. माझ्या डोक्यावरून.

"समोरचा गाळा घेतलाय. दिवाळीनंतर चालू करू. तिथे वहिनींना सुपरवायझर करायचं मनात आहे. पण संध्याकाळी उशीर होईल थोडा. बोला, तुमचं काय म्हणणं?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं नाही. पाहायची गरज त्याला वाटली नाही.

"नको शेठ. घराची आबाळ होईल. आहे तेच बरं."

"बरोबर आहे. घर पहिलं," शेठ म्हणाले.

संपलं. वातही अजून पेटली नव्हती.

मी त्या गाळ्यात लागले ती झाकणांच्या कडा कापायला. बायकांचं काम ते. जमिनीवर मांडी घालून बसायचं, हातात ब्लेड, बोटांना चिंध्या बांधलेल्या. त्याच वर्षीच्या होळीला समोरच्या मशीनचा ऑपरेटर गावी गेला तो परत आलाच नाही. माल अडला. शेठ डोक्याला हात लावून बसले. मी म्हटलं, मी बघते. रोज त्या मशीनकडे तोंड करून बसत होते, शेठनी माझे हात कामाला ठेवले होते, डोळे नाही. पहिल्या दिवशी बराच माल वाया गेला. शिव्या खाल्ल्या. हात पोळला. पण मशीन चाललं आणि मग ते माझंच झालं.

घर वसई पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या. पाणी टँकरचं. टँकर आला की जिने चढत हंडे वर आणायचे, मग डबे, मग मुलीची वेणी, तिची शाळा, आणि तिथून चालत गाळा. संध्याकाळी घरी आले की एक चप्पल पायात असतानाच हात कणकेच्या डब्याकडे जायचा. नवरा मुंबईत एका कचेरीत कारकून. साडेसातला यायचा. आल्या आल्या त्याला चहा. दमून येतो बिचारा. दमून मीही यायचे, पण माझं दमणं घरात कुणाच्या गावीच नव्हतं. खूप दिवस माझ्याही नव्हतं.

नवरा वाईट नव्हता. हात उचलायचा नाही, दारू प्यायचा नाही. त्यामुळे तर तक्रारीला जागाच नव्हती. इमारतीतल्या बायका म्हणायच्या, नशीबवान आहेस, नवरा नोकरी करू देतो. माझी आई म्हणायची, करू देतो ना, मग बोलू नकोस. करू देतो, करू देतो. इतकं ऐकलं की मलाही ते उपकार वाटायला लागले. म्हणून मी आजारी असताना कामावर गेले, पण घरचा स्वयंपाक कधी चुकवला नाही. चुकला तर तो 'नको करू' म्हणेल याची धास्ती. कायम ती धास्ती.

आणि मला ती सुपरवायझरची जागा हवी होती. सरळ सांगते. चार पैसे जास्त मिळाले असते, पण नुसत्या पैशासाठी नाही. आयुष्यात एक काम मी माझं मी शिकले होते, आणि त्या कामात मी पुढे जाणार होते. नव्या गाळ्याला सुपरवायझर लागणार ही कुजबुज महिनाभर ऐकत होते, त्याच विचारात पोळ्या लाटत होते. घरी बोलले नव्हते. आधी शेठ मला विचारतील, मग बघू, असं मनात होतं. शेठ मला विचारणारच नाहीत, हे कुठे सुचलं होतं.

तर निरांजन पेटलं. नवऱ्याने हळदीकुंकवाची बोटं पुढे केली. मी हात काढून घेतला.

"वहिनी, हात लावा," गुरुजी म्हणाले.

मी हात मांडीवर ठेवून बसले.

"वहिनी."

नवऱ्याने कोपर माझ्याकडे जरा सरकवलं. तसंच, समोर बघत. तेव्हा मात्र मला चीड आली. मी उठले. पायाला मुंग्या आल्या होत्या, मशीनचा आधार घेऊन उठले. सगळा गाळा बघत होता. अशा वेळी काहीतरी मोठं बोलायला हवं. मला सुचलं नाही. थकले होते. इतकंच म्हटलं, "हे मशीन मी चालवते. त्यांचं उरकलं की सांगा."

आणि जाऊन फिलोमिना मावशीच्या बाजूला खाली बसले. मावशी जवळच्याच भुईगावची, कडा कापायला माझ्या आधीपासून. सगळ्या मशिनांना फुलं तिच्याच वाडीतली होती. तिने बाटली पुढे केली.

"पानी पी," म्हणाली. मग हळूच, "त्याला कोन विचारते गं? उद्या जाऊन तूच सांग ना शेठला."

पूजा झाली. नवऱ्याने एकट्याने केली. गुरुजींनी त्याला कमरेला खोचायला सुपारी दिली. मी तिथे समोर बसलेली असताना. मग शेठनी नवऱ्याच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. "असे समजूतदार नवरे आहेत म्हणून आमच्याकडे बायका कामाला येऊ शकतात," असं म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नवरा लाजल्यासारखा हसला. त्याला ते सगळं खरं वाटत होतं, हे मला दिसलं. पेढ्यांचा खोका मात्र माझ्या हातात दिला, वाटायला. मी तो खाली ठेवला.

 घरी येऊन दार लावल्यावर तो म्हणाला, "चारचौघांत माझी शोभा केलीस."

मी चपला काढून पाणी प्यायले.

मग आवाज उतरवून म्हणाला, "अगं, तुझ्याच भल्यासाठी बोललो. किती दमतेस तू. मला दिसत नाही का?"

हे मला शालीपेक्षा जास्त लागलं. म्हणजे त्याला दिसत होतं. हंडे घेऊन जिना चढताना मी दिसत होते, कमरेला पट्टा बांधून पोळ्या करताना दिसत होते. इतकी वर्षं बघत होता आणि चहा घेत होता. माझ्यावर दोन ओझी होती, घराचं आणि गाळ्याचं. एक हलकं करायची वेळ आली तेव्हा त्याने माझ्या हौसेचं काढून घेतलं. घराच्या ओझ्याला हात लावायचं त्याच्या मनातही आलं नाही, कारण तिथे मग त्याचाच हात लागला असता. हे सगळं मला त्या खोलीत उभ्या उभ्या समजलं. रडू आलं नाही. उलट जरा गार वाटलं.

दुसऱ्या दिवशी शेठच्या केबिनमध्ये गेले.

"काल यांना विचारलंत ते मला विचारा," म्हटलं.

शेठ म्हणाले, "जाऊ दे ना बाई. तुमच्या घरात आमच्यामुळे भांडण नको."

"भांडण माझ्या घरात होईल. तुमच्या गाळ्यात नाही होणार."

त्यांनी समोरची वही मिटली. मग म्हणाले, "जमलं नाही तर परत जुन्या मशीनवर. आणि नवरा इथे तक्रार घेऊन येता कामा नये."

कुणी हे पुरुषाला सांगतं का, की बायको तक्रार घेऊन येता कामा नये? पण मी मान हलवली. त्या दिवशी तेवढंच हवं होतं.

घरी सांगितलं. संध्याकाळचा स्वयंपाक मला जमणार नाही, शाळा सुटल्यावर पोरगी शेजारी बसते, तिला आणायलाही जमणार नाही, तेही सांगितलं. नवरा म्हणाला, "ठीक आहे. बघू किती दिवस चालतं."

दिवाळीनंतरचा पहिला सोमवार. नव्या गाळ्यातून घरी आले तेव्हा आठ वाजून गेले होते. पायांत गोळे आले होते. दार उघडं. नवरा खुर्चीत, हातात पेपर. मुलगी दप्तराशेजारी बसलेली. ओटा कोरडा. कुकर पालथा, सकाळी मी ठेवला तसा. त्याने काही केलं नव्हतं. विसरला नव्हता, केलं नव्हतं.

"आई, भूक लागली," मुलगी म्हणाली.

माझा जीव कळवळला, खोटं कशाला बोलू. खिचडी टाकायला कितीसा वेळ. एवढ्या वर्षांची सवय, पाय आपोआप ओट्याकडे वळले होते. पण आज टाकली की रोज टाकायची, आणि ती जागा चार दिवसांत माझ्या हातून जायची. तो त्याचीच वाट बघत होता. मुलीची भूक पुढे करून बघत होता.

मी भिंतीला टेकून खाली बसले.

"बाबांना सांग," म्हटलं.

ती आम्हा दोघांकडे बघत उभी राहिली. तिचं ते बघणं मला अजून सोसत नाही. तरी मी उठले नाही. शेवटी त्याने पेपर आपटला, पायात चपला घातल्या, खाली गेला आणि पाव आणि गाड्यावरची भजी घेऊन आला. मुलीच्या पुढ्यात कागद उलगडला. माझ्याकडे वळला.

"हे असंच चालणार का आता?"

मला भूक लागली होती. मी एक पाव उचलला.

"हो," म्हटलं. "असंच चालणार."