नरकाच्या अलीकडची अंडी

सासरे जपानात आमच्याकडे हिगाशी-कसाईत राहायला आले तेव्हा आमचं भांडण काही नवं नव्हतं. पुण्याहून फोनवर चालायचं, ते आता जेवणाच्या टेबलावर आलं, एवढंच. सासूबाई जाऊन सहा महिने झाले होते. बाबांनी एकटं राहू नये, निदान व्हिसा आहे तोवर तरी इथे थांबावं, म्हणून बायको जिवाचं रान करत होती. ते मात्र रविवारचं विमान धरणारच म्हणून हटून बसलेले. "या माणसाच्या घरात?" असं मला नीट ऐकू येईल इतक्याच हळू म्हणायचे.

"आज तोंड बंद ठेव," बायकोने मला बजावलं. "नुसतं वाढ."

वाढलं. टोमॅटोच्या लालभडक रश्शात सोडलेली अंडी. सासऱ्यांना अंडं चालतं आणि मला तेवढा एकच इटालियन पदार्थ जमतो.

"काय म्हणतात याला?" फौजदारी आवाजात प्रश्न आला.

"माहीत नाही" म्हणणारे जावई सुखात नांदतात. मी ऑफिसातून येताना ट्रेनमध्ये मोबाइलवर सगळं वाचून आलो होतो.

"पर्गेटरीतली अंडी! म्हणजे बघा बाबा, कॅथलिक लोकांत स्वर्ग आणि नरक यांच्यामध्ये एक जागा असते. माणूस गेला की तिथल्या आगीत पापं जाळत सुटकेची वाट बघतो. नेपल्सला गल्लीबोळात तसे देव्हारे असतात, कमरेपर्यंत ज्वाळांत उभी माणसं. त्यावरून हे नाव पडलं म्हणतात. रस्सा म्हणजे ती आग, आणि ही पांढरी अंडी म्हणजे गेलेल्या माणसांचे—"

टेबलाखालून बायकोची लाथ आली. पण उशिरा.

"—आत्मे."

सासऱ्यांनी चमचा खाली ठेवला.

"हिची आई जाऊन सहा महिने झालेत, जावईबापू. आणि तुम्ही मला हे पावाला लावून खायला घालताय?"

"छे छे, आईंची कसली पापं? त्या थेट..." मी बोट वर केलं. बोटाला रस्सा होता. तो त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर उडाला.

चार वर्षांच्या लेकीने ताटली पुढे केली. "ओकावारी!" बालवाडीत शिकलेलं जपानी. तिला आणखी एक आत्मा हवा होता.

सासरे उठले. बायकोचे डोळे भरले. गेला म्हातारा, मी मनात म्हटलं, आणि बायको जन्मभर मला ऐकवणार. दारापाशी ते थांबले.

"तिकीट रद्द कर गं."

"थांबताय बाबा?"

"या गाढवाच्या हवाली तुम्हा दोघींना करून जाऊ? तुझ्या आईला वर काय तोंड दाखवू?"

ते परत आले, नातीची खुर्ची माझ्यापासून लांब ओढली आणि चमच्याने अंडं फोडलं.

"कच्चं आहे," म्हणाले. आणि खाल्लं.