आवडामावशीने पाहिलेलं बंदर

माझी आवडामावशी खाडीकाठच्या बाळकुमची. लग्नाआधी बापाच्या मिठागरात राबली, लग्नानंतर नवऱ्याच्या शेतात. शेतावर टॉवर उभे राहिले तेव्हा त्यातल्याच एकात अकराव्या मजल्यावर गेली आणि रोज लिफ्टला शिव्या घालू लागली. नवऱ्याशी, काळुरामकाकांशी, तिचं एक दिवस पटलं असेल तर शपथ. मुलगा हितेश सिडनीला नोकरीला, बोलावून बोलावून थकला. शेवटी काका म्हणाले, तू जा, मला विमानात कोंडून घ्यायची हौस नाही. ती गेली, आणि तिथून रोज दुपारी व्हिडिओ कॉल लावून तिने भांडण चालू ठेवलं.

अठराव्या दिवशी इकडे रात्री अकराला काका जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. तिकडे तेव्हा पहाट. ऋतिकाने, मावशीच्या मुलीने, भावाला कळवलं. विमान रात्रीचंच मिळत होतं. मावशीला बीपी, त्यात एवढा लांबचा प्रवास. हितेशने ठरवलं, आईला सांगायचं ते निघताना. पण घरात दिवसभर समोरासमोर बसलं तर आपला चेहराच सगळं सांगून टाकेल, म्हणून तो तिला बंदर दाखवायला घेऊन गेला. त्याच्या जागी मी काय केलं असतं, देव जाणे. तरी माझा राग अजून गेलेला नाही.

सकाळी घरात गॅस पेटला नाही, चहा बाहेरून आला. मावशीला वाटलं, पोरगं लाड करतंय. मोठ्या पुलाखाली तिचे फोटो झाले, पांढऱ्या छपरांच्या नाट्यगृहासमोर झाले. फोटोत ती मस्त हसतेय. एवढी मोठी खाडी आणि एक मिठागर नाही, म्हणून तिने अख्ख्या देशाची अक्कल काढली. दुपारी मासे मागवले, तर हितेशने ताटाला हात लावला नाही. आगऱ्याचं पोर, समोर तळलेला मासा, आणि केळं खातंय! तिने वार मोजला, बुधवार निघाला, म्हणजे उपासही नाही. तो म्हणाला, पोट बरं नाही. काकांना फोन लावायला गेली तर म्हणाला, बाबा सकाळीच मुरबाडला लग्नाला गेलेत, तिथे रेंज नाही.

मग ती दोघं बोटीत बसली. हितेश कानात इअरफोन घालून कठड्याशी पाठमोरा उभा राहिला. मावशीला वाटलं, ऑफिसचं काम असेल. ती बाकावर बसून पक्षी बघत होती. मला हे ठाऊक आहे, कारण त्या वेळी मी बाळकुमच्या स्मशानात होते. फोन ऋतिकाने धरलेला. ती पाया पडायला पुढे गेली तेव्हा मी घेतला. पडद्यावर हितेशच्या खांद्यामागे मावशी दिसत होती.

पुढचं मला तिनेच सांगितलं. संध्याकाळी धक्क्यावर उतरल्यावर तिने पिशवीतून नारळ काढला. नारळी पुनवेला आम्ही खाडीला नारळ देतो. पुनव नव्हती, पण परक्या पाण्याचाही मान ठेवावा, म्हणून बंदर बघायला जाऊ तेव्हासाठी तिने तो आधीच आणवून ठेवलेला. घरातल्या पुरुषाने सोडायचा असतो, म्हणून तिने तो हितेशपुढे धरला. त्याने घेतला नाही.

“आज नको, आई.”

दिवसभर धडाधड खोटं बोलला, पण सुतकात नारळ वाहायला हात काही उठेना. मावशी शाळेत गेलेली नाही, मयताच्या घरचे नियम मात्र तिला पाठ आहेत. न पेटलेला गॅस, न खाल्लेला मासा आणि आता हे. तिने नारळ पिशवीत परत ठेवला.

“बापूस गेला न रं तुजा?”

तो तिच्या पायाशी बसला आणि ढसाढसा रडला. ती रडली नाही. कधी गेला ते विचारलं आणि म्हणाली, ऋतिकाला फोन लाव, मी येईपर्यंत नेऊ नका म्हणावं, मला त्याचं तोंड बघायचंय. तेव्हा हितेशला ते सांगावंच लागलं. म्हणाला, घरचे थांबायला तयार नव्हते, मीच हो म्हटलं. चुलत्याने अग्नी दिला. दुपारी, आपण बोटीत होतो तेव्हा. ऋतिकाने फोनवर दाखवलं.



“तू बघितलास त्याला?”

हितेशने हो म्हणून मान हलवली.

“मी त बाजूलाच बसले होते रं.”