क्रोमची नळी की साधी

आमचे हे फौजेत आर्मरर होते, म्हणजे बंदुका दुरुस्त करणारे. पेन्शन घेतल्यावर शारजात एका शूटिंग क्लबच्या वर्कशॉपमध्ये लागले आणि वर्षभराने मला आणि मुलीला बोलावून घेतलं. माझी शाळा चौथीपर्यंत. पण रायफलच्या नळीबद्दल मला थोडंफार कळतं, कारण एका नळीपायी मी एका बाईचं नाव खराब केलं.

नव्वद सालानंतरची गोष्ट, मुलगी तेव्हा सातवीत होती. क्लबच्या रायफलींच्या नळ्या झिजल्या होत्या आणि नव्या मागवायच्या होत्या. नळ्या दोन तऱ्हेच्या मिळायच्या. एकीला आतून क्रोमचा मुलामा, पितळेच्या भांड्याला कल्हई करतात तसा. तिला घाम, दमट हवा, गरमी काही लवकर बाधत नाही. पण मुलामा सगळीकडे अगदी सारखा बसत नाही, म्हणून गोळी केसभर इकडेतिकडे जाते. दुसरी साधी पोलादी. तिची गोळी सरळ, पण रोज पुसावी लागते, तेल द्यावं लागतं, नाहीतर गंज. हे सगळं ह्यांनीच मला जेवताना सांगितलेलं. लोणच्याच्या हाताने नळीला शिवू नकोस, मिठाने एका रात्रीत डाग पडतात, हेही त्यांनीच सांगितलेलं.

हे पहिल्यापासून क्रोमच्या बाजूचे. माणसं हलगर्जी असतात, त्यांच्या हातात क्रोमच द्यावी, असं म्हणायचे. घरातही त्यांचं मत ठरलं की ठरलं. चहातली साखर कमी करा म्हणून मी वीस वर्षं सांगत होते, अर्धा चमचा कमी झाली नाही.

मग ती आली. नागपूरकडची, पस्तिशीची, कॉलेजात एनसीसीमध्ये नेमबाजी केलेली. क्लबात बायकांना शिकवायला ठेवली होती. नवरा अबूधाबीला नोकरीला, आठवड्याने येणारा. तिचं म्हणणं, नळी साधीच घ्या. एका शुक्रवारी ह्यांनी तिला आमच्याकडे जेवायला आणलं. मी कोंबडीचा रस्सा केला होता. ताटं मांडायच्या आधीच तिने माझ्या टेबलावर दोन कागदी निशाणं पसरली. क्रोमच्या नळीने मारलेल्या पाच गोळ्यांची भोकं पुरीएवढ्या जागेत पसरली होती. साध्या नळीची पाचही भोकं दिरहमच्या एका नाण्याखाली झाकत होती. ह्यांनी खिशातून नाणं काढलं, ठेवलं, उचललं, परत ठेवलं. रस्सा निवला.

"साहेब, आता बोला," ती म्हणाली.

"बोलायचं काय त्यात? तुमचं खरं."

तुमचं खरं. लग्नाला वीस वर्षं झाली होती, आणि हे शब्द ह्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकत होते, तेही दुसरीसाठी. मी रस्सा परत गरम करायला आत गेले. ती गेल्यावर मुलगी मला म्हणाली, "आई, शी इज सो कूल." मी तिला भांडी घासायला लावली.

क्लबचा मुदीर, म्हणजे मॅनेजर, अरब माणूस होता, पण ह्यांच्याशी हिंदीत बोलायचा. नेम पटला, पण गंजाचं काय, म्हणून त्याने तोडगा काढला. एका रायफलला क्रोमची नळी लावायची, एकीला साधी, आणि ऑगस्टचा महिना जाऊ द्यायचा. त्या महिन्यात तिकडे हवा अशी असते की गॅलरीचं दार उघडलं की चष्म्यावर पाणी धरतं. साधी नळी बाईंना हवी आहे, तर बाईंनीच ती रोज साफ करायची. महिन्याने डाग दिसला नाही तर सगळ्या नळ्या साध्या मागवू, इन्शाल्ला.

नळी साफ करायला कापडाच्या चिंध्या लागतात. ह्यांच्या चिंध्या कापायचं काम पहिल्यापासून माझं. जुनं सुती कापड धुऊन, तळहाताएवढे चौकोन करून, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून द्यायचे. त्या महिन्यात हे म्हणाले, "तुझं ते निळं पातळ काढ. त्याच्याइतकं मऊ कापड दुसरं नाही."

ते पातळ मी दहा वर्षं नेसले. चांगलं दिसतं असं एकदा तरी म्हणाले असते तर मी मुकाट्याने कापून दिलं असतं. मऊ आहे हे त्यांना ठाऊक होतं, आणि ते आठवलं ते तिच्या नळीसाठी.

पहिल्या दोन आठवड्यांच्या चिंध्या मी नीट दिल्या. शनिवारी हे पिशवी घेऊन जायचे आणि आल्यावर तिचंच कौतुक. हात किती हलका, नळीत साफ करायचा गज कसा सरळ घालते. तिने निरोपही पाठवला, वहिनींच्या चिंध्या फर्स्टक्लास आहेत म्हणून. तिसऱ्या आठवड्याला मी पातेल्यात पाणी घेतलं, त्यात मूठभर मीठ विरघळवलं आणि चिंध्या बुडवल्या. गॅलरीत वाळल्यावर त्या कडक झाल्या, तेव्हा तळहातावर चोळून मऊ केल्या. चौथ्या आठवड्यालाही तेच केलं. रागाच्या झटक्यात केलं असं म्हणणार नाही. झटका दोन आठवडे टिकत नाही.

महिना संपला. मुदीरने नळ्यांत बॅटरी मारून पाहिलं. क्रोमची स्वच्छ होती. साधीत जागोजागी तांबडे डाग, काही तर पोलाद खाऊन आत गेलेले. ती म्हणाली, मी एक दिवस चुकवलेला नाही. मुदीर म्हणाला, खलास, सगळ्या क्रोमच्या मागवा, आणि बाईंना रायफल सांभाळता येत नाही. हे त्याने सगळ्यांदेखत म्हटलं.

त्या संध्याकाळी हे उरलेली पिशवी घेऊन घरी आले. टेबलाशी बसले. एक चिंधी काढली, जिभेला लावली आणि माझ्यापुढे ठेवली.

"मीठ."

"इथलं पाणीच खारं," मी म्हटलं.

"इथलं पाणी मी सहा वर्षं पितोय."

मारतील, ओरडतील, गावाला पाठवून देतील असं वाटलं. त्यांनी चहा मागितला. मी केला. ते प्यायले.

मुदीरला ते यातलं काही सांगणार नाहीत हे मला ठाऊक होतं. बायकोची अब्रू म्हणजे त्यांचीच अब्रू. दोन दिवस मला जिंकल्यासारखं वाटलं. तिसऱ्या दिवशी बूट काढता काढता म्हणाले, "तिला सांगितलं मी."

"काय?"

"सगळं. मुदीरला सांगू नका, ही माझी विनंती, असंही म्हटलं. ती हो म्हणाली."

"आणि काय म्हणाली?"

"ते तिच्या-माझ्यात राहू दे."

महिनाअखेरीस तिने क्लब सोडला आणि नवऱ्याकडे अबूधाबीला गेली. जाताना नावाला लागलेला डाग घेऊन गेली, आणि तो माझा होता. ह्यांनी त्या दिवसापासून चिंध्या स्वतः कापायला सुरुवात केली, बाजारातून नवं कापड आणून. माझ्या कपड्यांना पुन्हा हात लावला नाही.

त्याआधी त्या दोघांत काही नव्हतं, हे मला आता कळतं. गोळ्यांच्या भोकांपलीकडे काही नव्हतं. ती काय म्हणाली हे मी पुढे बऱ्याचदा विचारलं. शारजात विचारलं, गावी परत आल्यावर विचारलं, ह्यांच्या शेवटच्या आजारपणात पायाशी बसूनही विचारलं. तेव्हा ते हसले आणि कूस बदलली.